मास्तरांच्या दाताचा दुसरा आरोपी

सेक्रेटरींना आयुष्यात मित्र असा एकच होता, आणि त्या एकाच मित्राने भर कोर्टात, शपथेवर, त्यांचं नाव घेतलं. यात दोष कोणाचा किती हे ठरवायला कोर्ट बसलेलं आहेच. पण कोर्टाला वेळ लागतो आणि आपल्यापाशी तेवढा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो की दोष कोणाचाच नव्हता. असता तर बरं झालं असतं. दोष असला की माणसाला निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते कळतं.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. त्याआधी तेहतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, वजन उलटं करून त्याच्या बुडाचा शिक्का बघायचा, तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवायचं आणि दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या डब्यांची मापं काढायला सुरुवात केली, तेव्हा बायकोनेच चार लोकांना भेटून त्यांना सेक्रेटरी करून टाकलं. ती म्हणाली, "मोजायचंय ना, इमारत मोजा."

समोरच्या दारात मास्तर राहायचे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पट्टीशिवाय रेघ मारणार नाहीत आणि खऱ्याशिवाय बोलणार नाहीत, असा माणूस. रोज पाच वाजता ते सेक्रेटरींकडे चहाला येत आणि साडेसहाला उठत. एकदा ते सहज बोलून गेले होते, "दिवसभरात माझ्या तोंडाला काम असतं ते एवढंच दीड तास." त्या दीड तासात काय चालायचं, हे सेक्रेटरींच्या बायकोला विचारलं तर ती सांगायची, "भांडतात. मत दोघांचं एकच असतं, तरी भांडतात."

तर झालं असं की पहिल्या मजल्यावरच्या पहिलवानाने गच्चीवरची मास्तरांची कपडे वाळत घालायची दोरी कापली. पहिलवान म्हणजे कुस्तीतला नव्हे, त्याची व्यायामशाळा होती आणि तिथलं जुनं सामान ठेवायला त्याला गच्ची हवी होती. मास्तरांचं वजन एकावन्न किलो, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं. ते एकावन्न किलो पहिलवानाच्या अंगावर धावून गेले. आता म्हातारा काहीतरी करून बसेल आणि वर पोलिसात अडकेल, या काळजीने सेक्रेटरींनी मागून मास्तरांचे दोन्ही हात गच्च धरले. "मास्तर, सोडा, जाऊ द्या," असं ते म्हणत असतानाच पहिलवानाने हातातली लोखंडी नळी फिरवली आणि मास्तरांचा पुढचा एक दात पाण्याच्या टाकीखाली गेला. तो सेक्रेटरींनीच पोटावर झोपून काढला. रुमालात गुंडाळून चौकीत नेला. पंचनाम्यात दाताची लांबी मिलिमीटरमध्ये आहे, ती त्यांनीच सांगितलेली.

दात पडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, आणि तीही लोखंडाने, म्हणून कलम चांगलंच जड लागलं. मास्तर फिर्यादी, पहिलवान आरोपी, सेक्रेटरी साक्षीदार. चार वर्षांनी खटला उभा राहिला.

साक्षीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींनी मास्तरांची तयारी करून घेतली. "मी नोकरीत शेकड्याने साक्षी दिल्यात," ते म्हणाले. "एकच लक्षात ठेवा. विचारलं तेवढंच सांगायचं. शब्द कमी नाही, शब्द जास्त नाही." मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पट्टीने.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते, कारण ज्याची साक्ष व्हायचीय त्याला आत बसू देत नाहीत. आत पहिलवानाच्या वकिलाने मास्तरांना विचारलं, "नळी येताना दिसली, तर हात मध्ये का नाही घातले?"

"धरलेले होते."

"कोणी?"

"सेक्रेटरींनी."

"घट्ट?"

मास्तर विचार करून म्हणाले, "बऱ्यापैकी."

वकील खाली बसला. का धरले होते, हे त्याने विचारलं नाही. सरकारी वकिलांनी विचारायला हवं होतं, पण ते पुढच्या खटल्याचे कागद शोधत होते. मग मास्तर आपणहून कसे सांगणार?

बाहेर आल्यावर त्यांनी सगळं जसंच्या तसं सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "छान. अगदी मोजकं बोललात." मग दोघांनी कोपऱ्यावर चहा घेतला आणि खूश होऊन घरी आले.

महिन्याभराने समन्स आलं. फिर्यादीच्या पुराव्यावरून सदर इसमाचाही गुन्ह्यात सहभाग दिसत असल्याने त्यास आरोपी म्हणून उभं करण्यात येत आहे, अशा अर्थाचं. सेक्रेटरींनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सगळ्यात जास्त त्यांना काय लागलं असेल, तर 'आरोपी क्रमांक दोन' हे. तेहतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांवर खटले भरले, तो पहिलवानाच्या खालच्या ओळीत.

"म्हणजे मास्तरांचा दात तुम्ही पाडला?" बायकोने विचारलं.

"पाडायला मदत केली, असं कोर्टाला वाटतंय."

"आणि हे कोर्टाला सांगितलं कोणी?"

सेक्रेटरींनी समन्सची घडी घातली. बायकोने समोरच्या बंद दाराकडे अशी नजर टाकली की दार लाकडाचं होतं म्हणून टिकलं. पाच वाजता मास्तर आले, तेव्हा तिने चहा ठेवला, पण कप जरा आपटूनच.

मास्तरांनी समन्स वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी कोर्टात जाऊन सांगतो," ते म्हणाले, "की तुम्ही माझ्या भल्यासाठी धरलं होतं."

"तुमची साक्ष संपली, मास्तर. आता परत बोलावल्याशिवाय बोलता येत नाही."

"पण मी खोटं नाही हो बोललो."

"नाहीच बोललात. तेच तर झालंय," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांना खरंच राग आलेला नव्हता. नुसता थकवा आला होता, तोही पुढच्या सगळ्याचा आगाऊ.

बातमी इमारतीत पसरायला दोन जिने पुरले. तळमजल्यावरचा केमिस्ट स्वतः वर आला आणि दार लावून घेऊन हळू आवाजात म्हणाला, "सेक्रेटरी, सरळ दवाखान्यात भरती व्हा. छातीत दुखतंय म्हणा. दुखतंय की नाही हे मशीनलासुद्धा दोन दिवस कळत नाही." सेक्रेटरींनी विचारलं, तिसऱ्या दिवशी काय? त्यावर तो म्हणाला, तिसऱ्या दिवसाचा विचार करणारा माणूस अशा भानगडीत पडतच नाही. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवून गेला.

सगळ्यात जास्त ताप झाला तो पहिलवानाचा. चार वर्षं जिन्यात तोंड फिरवून जाणारा हा माणूस आता खालूनच हाक मारायचा, "या सेक्रेटरी. आता आपण एका बाजूचे." तारखेला आपल्या गाडीवर घेऊन जातो म्हणाला. वकील एकच करू म्हणाला. गुडघ्यांसाठी दोन व्यायामही सांगितले. सेक्रेटरींनी त्याला वाकड्यात उत्तर देऊन बघितलं, पण सहआरोपीवर रागवायचं नसतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

मग मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कायद्यातलं सगळं कळतं, कारण त्याच्यावर तीन केसेस आहेत. "भाऊजी," तो म्हणाला, "अटक झाल्यावर जामीन कोणीही घेतो. शहाणा माणूस आधी घेतो. अटकपूर्व." तो शब्द त्याने अशा चवीने उच्चारला की सेक्रेटरींच्या बायकोला ते काहीतरी चांगलं वाटलं. तरी तिने त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली. दोन बनियन, टॉवेल, केमिस्टच्या गोळ्या. "तिथे उशी देतात का हो?" तिने विचारलं. मेहुणा म्हणाला, नाही देत. त्याने हे इतक्या खात्रीने सांगितलं की तिने घरातली एक उशी पिशवीत कोंबली.

वकील मेहुण्यानेच गाठून दिला. सेक्रेटरी मास्तरांना बरोबर घेऊनच गेले, कारण शेजाराच्या बावीस वर्षांत ते महत्त्वाच्या कामाला एकटे गेले नव्हते. वकिलांनी कागद चाळले.

"तुम्हाला अटक कोण करणार?" ते म्हणाले. "पोलिसांचा तपास संपलाय. त्यांनी तुम्हाला आरोपी केलंच नव्हतं. कोर्टाने नुसतं बोलावलंय. जायचं आणि हजर राहायचं."

"मग जामीन नको?"

"नको. पण हजर झाल्यावर कोर्ट आत घेऊ शकतं."

"मग हवा?"

"काही न्यायाधीश म्हणतात अशा माणसाला अटकपूर्व जामीन मागता येतो. काही म्हणतात, ज्याला कोर्टाने बोलावलंय त्याला कसली आलीय अटकेची भीती."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, गरज नाही. पण घ्या." मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "हे कोण?"

"फिर्यादी," सेक्रेटरी म्हणाले.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही फिर्यादीला घेऊन माझ्याकडे आलात?"

"मी नेहमी यांच्याबरोबरच असतो," मास्तर म्हणाले. "आणि ह्यांनी माझे हात बऱ्यापैकी घट्टच—"

"यांना बाहेर बसवा," वकील म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

त्यानंतर जे सुरू झालं, त्याला पाच आठवडे लागले. समन्सची तारीख पाच आठवड्यांवर होती, तिच्याआधी अर्ज मंजूर व्हायला हवा होता, एवढंच काम. मुळात खालचं कोर्ट वरच्या मजल्यावर होतं आणि वरचं कोर्ट तळमजल्यावर. अर्ज वरच्या कोर्टात, म्हणजे खाली. त्याला खालच्या कोर्टातल्या, म्हणजे वरच्या, साक्षीच्या नकला लागत होत्या. सेक्रेटरी गुडघा धरून वर गेले. नकला देणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"आरोपी."

"हजर झालात?"

"नाही. हजर झालो तर आत घेतील, म्हणून तर नकला हव्यात."

"हजर झाल्याशिवाय आमच्याकडे तुम्ही आरोपी नाही. आणि आरोपी नसलात तर बाहेरचे. बाहेरच्यांना वेगळा अर्ज, साहेबांची सही लागते, साहेब सोमवारी."

साहेब सोमवारी आले नाहीत. बुधवारीही आले नाहीत. शेवटी मास्तर गेले. त्यांनी फिर्यादी म्हणून स्वतःच्याच साक्षीची नक्कल मागितली, अर्ज इतक्या सुरेख अक्षरात लिहिला की बाईंनी तो शेजारच्या टेबलावर दाखवला, आणि अर्ध्या तासात नक्कल घेऊन ते खाली आले. "घ्या," ते म्हणाले. "मी तुमच्याविरुद्ध काय बोललो ते." सेक्रेटरींनी आभार मानले. याहून वेगळं काय करणार?

मग पोलिसांचं म्हणणं हवं होतं. अर्जावर पोलीस काय म्हणतात, हे कळल्याशिवाय कोर्ट ऐकत नाही. चौकीतल्या हवालदाराने रजिस्टर पुढे मागे केलं. "तुमचं नाव आमच्याकडे साक्षीदार म्हणून आहे," तो म्हणाला.

"आता कोर्टाने आरोपी केलंय."

"ते कोर्टाने. आमच्याकडे साक्षीदार."

"मग तसं लिहून द्या, की अटक करायची नाही."

"साक्षीदाराला अटक करतच नाहीत. जे करतच नाही, ते करणार नाही असं कसं लिहून द्यायचं? वरून विचारतील, म्हणजे आधी करत होतात का."

सेक्रेटरींना त्यात चूक सापडेना. नोकरीत असताना त्यांनी स्वतः अशीच उत्तरं दिली होती, आणि दुकानदार त्यांच्याकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर आज आपल्या तोंडावर आलीय, हे त्यांना भिंतीवरच्या आरशात दिसलं. मान खाली घालून ते बाहेर आले. पायऱ्यांवर मास्तर छत्री घेऊन बसले होते. उन्हाची.

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला पोलिसांचं म्हणणं आलं नव्हतं. तिसऱ्या तारखेला आलं, पण दुसऱ्याच कोणाचं होतं. या काळात जिन्यात जाड चप्पल वाजली की सेक्रेटरी उठून मोरीत जायचे. एकदा ते तिथे वीस मिनिटं थांबले आणि मग कळलं की पहिलवान गुडघ्याला लावायचं तेल घेऊन आला होता. रक्तदाब वाढला. इमारतीच्या सभेत कोणीतरी विचारलं, आरोपी माणूस सेक्रेटरी राहू शकतो का, आणि नियमावली उघडल्यावर तसं कुठेच लिहिलेलं नाही असं दिसलं, कारण नियमावली सेक्रेटरींनीच लिहिली होती आणि त्यांना हे सुचलं नव्हतं.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट जागेवर होती. पाच वाजले की समोरचं दार उघडायचं. मास्तर यायचे, चहा घ्यायचे, पुढच्या तारखेला कुठले कागद लागतील यावर दोघं एकमताने भांडायचे. बायकोने कप आपटणं सोडलं होतं. एकदा मास्तर उशिरा आले तर तीच म्हणाली, "बघा जरा हो, बरे आहेत ना?"

आणि समन्सच्या तारखेच्या दोन दिवस आधी, चौथ्या तारखेला, अर्ज खरंच सुनावणीला निघाला. मास्तर आलेच होते. वकिलांनी त्यांना हात जोडले. "कृपा करून आत येऊ नका. फिर्यादी आरोपीच्या शेजारी बसलेला दिसला तर मला काय बोलायचं ते सुचणार नाही." मास्तर बाहेर बाकावर बसले.

आत वकील चांगले बोलले. हा माणूस हात धरून भांडण सोडवत होता, त्याचं वय बघा, आजवर साधी तक्रार नाही. मग सरकारी वकील उठले. ते म्हणजे मास्तरांच्या बाजूचे. ते म्हणाले, "साहेब, अर्जदार फिर्यादीच्या दाराला दार लागून राहतो. रोज येणंजाणं आहे. फिर्यादी एकटा आहे, वृद्ध आहे. अर्जदार त्याच्यावर दबाव आणील अशी आम्हाला दाट शक्यता वाटते."

सेक्रेटरींना उठून सांगावंसं वाटलं की मास्तरांवर दबाव आणणं मास्तरांच्या गेलेल्या बायकोलाही बत्तीस वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं. पण विचारलं नव्हतं, म्हणून ते बसून राहिले. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना मान हलवली आणि निकाल सांगितला. जामीन मंजूर. अट एकच. खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराने फिर्यादीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संपर्क ठेवू नये, बोलू नये. अट मोडल्यास जामीन रद्द.

वकिलांनी सेक्रेटरींच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात."

"निकाल कधी लागेल?" सेक्रेटरींनी विचारलं.

वकिलांनी फाइल बांधता बांधता त्यांच्याकडे बघितलं. "तुमचं वय काय आता?"

सेक्रेटरींनी वय सांगितलं. वकील दोरीची गाठ मारून पुढच्या कोर्टात गेले.

दाराबाहेर मास्तर उभे होते. "काय झालं?"

सेक्रेटरींनी उभ्या आयुष्यात सरकारी आदेश मोडला नव्हता. सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी ते थांबत. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मान खाली घातली, मास्तरांच्या शेजारून निघून गेले आणि फाटकातून बाहेर पडले. मागून पावलं ऐकू आली.

"नाही मिळाला का?" मास्तर मागून म्हणाले. सेक्रेटरी चालत राहिले.

"अहो, निदान सांगा तरी. परवा मी तुमच्याबरोबर येतो. आत घेतलं तर मी रोज येऊन बसेन." दुकानं गेली, बस थांबा गेला. आवाज दहा पावलांवरून येतच होता, आणि आता तो नीट येत नव्हता. "माझं चुकलं. खरं तेच बोललो, पण सगळं खरं बोलायला हवं होतं. त्या पहिलवानाने दात पाडला तेव्हा नाही हो एवढं लागलं. रागवा, पण बोला काहीतरी."

पहिलवानाशी बोलायला कोर्टाची काहीच हरकत नव्हती. त्याच्याबरोबर सेक्रेटरी रोज जिन्यात उभं राहून गुडघ्यांबद्दल तासभर बोलू शकत होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते फुटपाथवर थांबले. कोर्टाच्या आदेशावरची शाई अजून नीट वाळलीसुद्धा नसेल. ते मागे वळले. मास्तर रुमालाने डोळे पुसत उभे होते.

"मिळाला, मास्तर," सेक्रेटरी म्हणाले.

"मिळाला? मग हे काय चाललं होतं?"

"तुमच्याशी बोलायचं नाही अशी अट आहे. निकाल लागेपर्यंत. बोललो तर जामीन रद्द."

मास्तरांनी ते मनात दोनदा वाचल्यासारखं केलं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि घाबरून एक पाऊल मागे सरकले. "अहो, मग बोलताय कशाला? चार वाक्यं झाली. आणि मला कोर्टाने उद्या शपथेवर विचारलं, की हे तुमच्याशी बोलले का, तर मी काय सांगणार? मला खोटं नाही बोलता येत, सेक्रेटरी. तुम्हाला माहितीय."

"माहितीय."

"मला सांगावं लागेल."

"सांगा," सेक्रेटरी म्हणाले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटत होतं. "नक्की सांगा. आणि तारखांसकट सांगा, कारण मी रोज बोलणार आहे."